चौथा कोपरा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, सोमवार, दुसऱ्या चहानंतर

तीर्थस्वरूप चनमल्लप्पा अण्णा यांना तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा शरणु शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल आहोत. आईचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, पण आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तुमची कंबर कशी आहे? करकंबच्या नव्या घराचा रंग वाळला का? फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. अहो, फोन लावला की तुमची बहीण भुवनेश्वरी शेजारी येऊन बसते आणि मी सुरू केलेली वाक्यं ती संपवते. एकदा तरी माझी बाजू न तुटता तुमच्यापर्यंत पोचावी, म्हणून हा खटाटोप.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी अख्खी नोकरी एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत काढली. लोक विचारायचे, मी सांगायचो. निवृत्त झाल्यावर विचारणारं कोणी उरलं नाही, तेव्हा मलाच प्रश्न पडायला लागले. लाकूड सरळ कापतात म्हणजे नेमकं काय करतात, हा त्यातला एक. (त्याआधीचा प्रश्न असा होता, की कडक भाकरी महिना-महिना टिकते, मग चपातीनंच काय पाप केलंय? त्यावर मला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आलं.) म्हणून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल सॉ आणून बसवला. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली मोटर. आणि उत्साहाच्या भरात तुमच्या आईंच्या त्या मोठ्या फोटोला सागवानी चौकट मीच करून देतो, असं चारचौघांत बोलून गेलो. तुमच्या बहिणीनं तिथल्या तिथं निकाल दिला, की तुमच्या वास्तुशांतीला चौकट चारी कोपऱ्यांत बसली तर ठीक, नाहीतर यंत्र घराबाहेर. अण्णा, या वयात माझ्याकडे दुसरं काही नाही हो मन रमवायला. म्हणून एवढं मनाला लागलंय.

आधी सरळ कापण्याचं सांगतो. मला वाटलं, पातं गोल फिरतंय, फळी सपाट आहे, पुढं ढकलायचं, संपलं. पहिली फळी कापली ती आमच्या गल्लीतल्या गटारासारखी वळणं घेत गेली. मग कळलं की बाजूला एक लांब आडपट्टी असते, तिला फळी टेकवून पुढं न्यायची. टेकवली. तर लाकूड करपलं आणि शेडभर होळीचा वास सुटला. का? दोन दिवस मी याच 'का'मागं होतो. शेवटी पात्यापासून आडपट्टीपर्यंतचं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं, तर मागं पट्टी आत सरकलेली. लाकूड चिमटीत सापडत होतं बिचारं. ती बरोबर समांतर केल्यावर फळी अशी सरळ निघाली, की मी ती आईला दाखवायला देवघरात घेऊन गेलो. तिनं तिच्यावर लगेच निरांजन ठेवलं.

मग तिरपं कापणं. चौकटीचे कोपरे जुळायला प्रत्येक टोक पंचेचाळीस अंशात कापायचं. त्यासाठी कोन धरणारी सरकती पट्टी असते. ती फिरवली की खाचेत एक खिट्टी टक्क करून बसते. इथं मी शहाणपणा केला. लाकूड हलू नये म्हणून ती कोनाची पट्टीही धरली आणि पलीकडून आडपट्टीही लावली. कापलेला तुकडा दोघांच्या मध्ये अडकला, आणि पात्यानं तो असा भिरकावला की माझ्या कानाजवळून गेला आणि उन्हात ठेवलेल्या कडक भाकऱ्यांच्या चळतीवर आपटला. (नाहीतरी त्या फोडूनच खायच्या असतात, हे मी म्हणायला नको होतं.) तेव्हापासून दोन्ही पट्ट्या एकदम लावत नाही. पात्याच्या रेषेत उभा राहत नाही, बाजूला राहतो. पातं लाकडाच्या वर जेमतेम दातभर ठेवतो, डोळ्याला चष्मा लावतो, आणि शेवटचा भाग बोटांनी नाही, काठीनं ढकलतो.

एवढं सगळं करूनही चौथा कोपरा मिटेना! तीन कोपरे गच्च, चौथ्यात आधार कार्ड जाईल एवढी फट. कोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, तर प्रत्येक टोक केसभर चुकत होतं आणि ती सगळी चूक गोळा होऊन शेवटच्या कोपऱ्यात येऊन बसत होती. वायर काढून यंत्र नीट न्याहाळलं. खिट्टीच्या खाचेत तांदळाचा एक दाणा होता, पिवळा. खंडेनवमीच्या पूजेचा राहिला असेल म्हणून पुसून काढला. टोकं पुन्हा थोडी थोडी कापली, दोन कोपरे झकास जुळले. उरलेलं दुसऱ्या दिवशी करायला गेलो, तर पुन्हा फट. पुन्हा दाणा! असं दर दिवशी. आधी उंदरावर संशय घेतला, मग चिमणीवर. चिमणी दाण्याला हळद लावून ठेवत नाही, हे भुवनेश्वरीनं लक्षात आणून दिलं.

मग एका सकाळी मी शेडच्या मागं दबा धरून बसलो. पूजा आटोपून आई आली. एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातात ती पितळी डबी. गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वराच्या लग्नात संमती कट्ट्यावर झेललेल्या अक्षता ती वर्षभर त्या डबीत जपते, कुणाचं ऑपरेशन किंवा परीक्षा असली की त्यातला दाणा निघतो. तिनं यंत्राला भस्माची तीन बोटं ओढली आणि दाणा नेमका त्या खाचेत दाबला. मी पुढं होऊन विचारलं, आई, एवढ्या मोठ्या टेबलावर हीच जागा सापडली? ती म्हणाली, "वर ठेवला तर पडतोय की रे, तुझं यंत्र लई थरथरतंय. हितं कसा गच्च बसतोय बघ." चौकट वाकडी होते गं त्यानं, म्हटलं. तर म्हणते, "होऊ दे की. वाकडी चौकट भिंतीला लावता येतीया. बोट गेलं तर ते कुटं लावू, अप्पा?" त्या भाकऱ्या फुटल्या त्या दिवसापासून ती रोज येत होती. अण्णा, मला गलबलून आलं.

मग मी शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण यंत्राच्या पुढच्या बाजूला, बंद करायच्या लाल बटणाच्या शेजारी चिकटवलं. आता अक्षता त्यात. चौथा कोपरा त्याच दुपारी मिटला. आधार कार्ड सोडा, पतंगाचा कागदसुद्धा जात नाही. तेव्हा भुवनेश्वरीचा फोन आला तर यंत्राची बाजू घ्यावी. वहिनींना नमस्कार, बाकी समक्ष बोलू.

दहाही बोटं शाबूत असलेला,
बसवेश

ता. क. : एक बारीकशी विनंती. कोपरे जुळवताना टोकं वरचेवर कापावी लागली, त्यामुळं चौकट थोडी आटली आहे. पोस्टकार्डाएवढी आहे म्हणा ना. तर आईंचा फोटो स्टुडिओतून तेवढाच करून आणाल का? भुवनेश्वरीला म्हणावं, नव्या घरात भिंतीवर जागाच तेवढी आहे.

ता. क. दुसरा : अण्णा, मी भुवनेश्वरी. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं, तेव्हा वाचलं. फोटो अजिबात लहान करू नकोस, माझ्या आईला मी पोस्टकार्डात बसवणार नाही. सागवान पुन्हा आणलंय. काल हे नवी पेठेत गेले होते तेव्हा पदर खोचून, चष्मा लावून, काठीनं ढकलत पहिला तुकडा मीच कापला. गुण्याला टक्क बसला! यंत्र कुठं जात नाही आता. ह्यांना अजून काही बोलले नाही, पण सासूबाईंनी पाहिलं. आज सकाळी झाकणात दोन दाणे आहेत, आणि हे मघापासून शेडमध्ये उभे राहून विचार करतायत की एक जास्तीचा आला कुठून.