दुमानला लिंबू चालतं का?

ओर्ताहिसार,
लिंबांच्या गुहेच्या तोंडाशी, उन्हाच्या बाजूला बसून

आदरणीय शेवकेतदादा,

आधी सलाम, मग तुमचा उजवा हात माझ्या ओठांना आणि कपाळाला. वहिनींना सलाम, नातवंडांच्या डोळ्यांचे पापे. तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते तुम्ही मागच्या वेळी फोनवर सांगत होतात, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. तेव्हापासून तो गुडघा माझ्या मनात तसाच अर्धवट वाकलेला राहिला आहे. मेर्सिनची दमट हवा हाडांना वैरीण. आमच्याकडे वर डोंगरात कोरडं असतं, तेव्हा ईदला याल तेव्हा चार दिवस जास्त राहा. (तुमच्या येण्याबद्दल एक बारीकशी गोष्ट सांगायची आहे, ती शेवटी येईल. घाबरू नका, आणि हे कंसातलं वहिनींना वाचून दाखवू नका.) इकडचं विचाराल तर अल्लाच्या दयेने आम्ही तिघंही बरे आहोत, म्हणजे मी, तुमची बहीण नेबाहत आणि आमची मांजर दुमान. तिसरीच्या बाबतीत ‘बरी’ हा शब्द परवापरवापर्यंत लिहिता आला नसता, आणि त्याचीच ही हकिकत. फोनवरही सांगितली असती, पण आमच्या घरचा फोन नेबाहतच्या खिशात राहतो आणि बोलताना ती तो असा धरते की अख्ख्या गल्लीला ऐकू जावं.

तुम्ही पाठवलेला लिंबाच्या कोलोनचा, तुमच्या त्या सुगंधी पाण्याचा डबा पोचला. एवढा मोठा डबा मी फक्त रॉकेलचा पाहिला होता. नेबाहतने त्याला नवरीसारखं दारातून आत घेतलं आणि त्याच दुपारी सगळ्या बायकांना कॉफीला बोलावून त्याचं उद्घाटन केलं. पाहुणा टेकला की त्याच्या ओंजळीत कोलोन ओतल्याशिवाय कॉफी पुढे करायची नाही, ही रीत काही तिची एकटीची नाही, पण तिच्यासारखं ओतणारी मी दुसरी पाहिली नाही. बाकीच्या घरी चार थेंब मिळतात, आमच्या घरी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. वर प्रत्येकीला ऐकवणार, “माझ्या दादाच्या दुकानचं आहे गं, बाजारातलं नाही!” ते ऐकून मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. लग्न होऊन डोंगरावर आली तेव्हा तिच्या ट्रंकेत समुद्र काही मावला नव्हता, पण त्या बाटलीत थोडासा येतो, असं ती म्हणते.

आता दुमानकडे वळतो. तुम्ही तिला पिल्लू असताना पाहिलंत. धुरासारखी राखाडी आहे म्हणून तिचं नाव धूर, म्हणजे दुमान. गुहेतल्या खोक्यांचे कागद उंदीर कुरतडतात म्हणून तिला ठेवलं, पण पहिल्याच थंडीत तिने गुहेतून घरात, घरातून दिवाणावर आणि दिवाणावरून माझ्या उशीवर अशी बढती घेतली. आता गुहेच्या तोंडाशी उन्हात बसून उंदरांना नुसता धाक देते. आत मात्र येत नाही. आत एक लाख लिंबं आहेत. तुमच्याकडून हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्यापर्यंत या दगडाच्या पोटात पिकत पडतात.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी शाळेचं तोंड पाहिलं तेही खिडकीबाहेरून. जे वाचायला शिकलो ते लिंबांना गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर. त्यामुळे माझं ज्ञान सगळं ओंजळीएवढ्या तुकड्यांचं आहे. खून होतो तो मला कळतो, खुनी दुसऱ्या लिंबावर असतो. मागच्या महिन्यात असाच एक तुकडा हाती आला. वर छापलेलं: “घरच्या मांजराला लिंबू, संत्रं चालतं का? हा प्रश्न अनेकांना पडतो. याचं उत्तर अगदी सोपं आहे, आणि ते म्हणजे”. पुढे फाटलेलं. दादा, माझी झोप उडाली. आयुष्य लिंबांत गेलं, मांजर माझ्या उशीवर झोपतं, आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही! दुसरा अर्धा भाग शोधायला मी तीन रांगा लिंबं उलगडली. मुकादमाने विचारलं तर म्हटलं, सडकी काढतोय.

उत्तर सापडेना म्हणून लोकांना विचारलं. सातिल्मिश न्हावी म्हणाला, लिंबाने जंतू मरतात, म्हणजे चांगलंच. शेजारची हाजेरबाई म्हणाली, “माझी आई फुलांच्या वाफ्यात संत्र्याची सालं टाकायची. एक मांजर तिथे बसायला येईल तर शपथ. जनावराला नको वाटतं ते वाईटच असतं.” त्यावर न्हावी म्हणाला, “माझ्या थोरल्याला आंघोळ नको वाटते. मग बंद करू?” हाजेरबाई म्हणाली, “तो जनावर आहे हे तूच म्हणतोस, मी नाही.” ज्ञान इथवर आलं आणि थांबलं.

शेवटी दुमानलाच विचारायचं ठरवलं. लिंबाची फोड तिच्यापुढे ठेवली. तिने फोडीकडे अशी नजर टाकली जशी तुम्ही दुसऱ्याच्या दुकानच्या कोलोनकडे टाकता. संत्र्याची फोड ठेवली तर कान मागे पाडले. सोललेलं मँडरिन, ते लहान गोड संत्रं, ठेवलं, तेव्हा मात्र तिने पुढे येऊन हुंगलं, आणि मग वळून गालिचा पंजाने असा ओरबाडू लागली की जणू ते पुरायचंच आहे. (ती काय पुरते ते तुम्हाला माहीत आहे, लिहीत नाही, हे पत्र आदराचं आहे.) मी खूश झालो. म्हटलं, सुटला प्रश्न, तिला नको आहे आणि ती खातही नाही.

पण तुमच्या डब्याच्या उद्घाटनानंतर दुसऱ्या दिवशी दुमानने ताटली हुंगली नाही. तोंडातून लाळ गळायला लागली, दिवाणावर उडी मारताना पाय लटपटले आणि ती खाली पडली. मांजर पडतं म्हणजे काय, दादा! मी सगळा दोष त्या मँडरिनवर टाकला. लिंबाच्या खोक्यातून कागद काढून, आत माझी शाल घालून तिला उर्गुपला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. येलिझ नावाची तरुण बाई आहे. तिने तपासलं, सुई लावली, सलाइन दिलं आणि मला वेड्यासारखे प्रश्न विचारू दिले, एवढी ती चांगली. म्हणाली, “काका, फोडीचा गर एखादा चाटला तर फार तर पोट बिघडेल. खरं विष सालीतल्या तेलात, पानांत. आपलं यकृत ते तेल पचवून टाकतं, मांजराचं टाकू शकत नाही.” मी म्हटलं, मग माझ्या लाखभर लिंबांचं काय? ती म्हणाली, अख्खी लिंबं खोक्यात आहेत, दुमान ती चावत नाही, मग ती तुमची, तिची नाहीत. तेल अंगावर आलं तर मात्र जपा. मी म्हटलं, अंगावर कुठून येणार?

दुमान बरी होऊन घरी आली आणि गल्लीत बातमी पसरली. मग काय विचारता! आमच्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखंच. हाजेरबाई सूप घेऊन आली, न्हावी दुकान बंद करून आला, मशिदीतून येणारे परस्पर वळले. नेबाहतने प्रत्येकाच्या ओंजळीत भरभरून कोलोन ओतलं. प्रत्येकाने हात चोळले, “बिचारी गं!” म्हणून दुमानला डोक्यापासून शेपटीपर्यंत गोंजारलं आणि मग कॉफी घेतली. दुमान ही स्वच्छतेची भोक्ती. पाहुणा गेला की ती अंग चाटून लख्ख करायची. दोन दिवसांत तिची पुन्हा लाळ गळू लागली, आणि पुन्हा आजारी म्हटल्यावर पाहुणे दुप्पट आले. माणसांची माया वाढत गेली तसतशी ती खंगत गेली. आम्हाला काही दिसत नव्हतं. कोलोन कधी कोणाला दिसतं का?

येलिझ मेंढ्या बघायला या बाजूला आली होती, ती घरी डोकावली. नेबाहत तिला मांजराला हात लावू देईल तर शपथ, आधी बसवलं, ओंजळ पुढे करायला लावली आणि ओतलं. डॉक्टरीणबाईंनी हात चोळले, दुमानकडे नेले आणि मध्येच थांबल्या. आपलेच तळवे नाकाशी नेले.

“काकू, येणाऱ्या सगळ्यांना हे देता?”

“मग काय कोरड्या हाताने बसवू? माझं माहेर मेलंय का?”

“आणि ते मांजराला हात लावतात?”

“तिलाच तर बघायला येतात!”

हाजेरबाईने आपले हात मांड्यांखाली सरकवले. न्हावी आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाला, “म्हणजे आम्ही तब्येत विचारायला येत होतो, की पोचवायला?”

दुमानला भांड्यांच्या साबणाने आंघोळ घातली. ती घालताना मी आणि न्हावी दोघांनी जे सोसलं ते आमच्या हातांवर अजून वाचता येतं. तिसऱ्या दिवशी ती जेवली, पाचव्या दिवशी माझ्या उशीवर परत आली. तिच्या डोक्याला माझं डोकं टेकवून मी कितीतरी वेळ पडून राहिलो. (मान अवघडली. ते सोडा.)

पण खरं दुखणं पुढेच आहे. नेबाहतने त्या दिवशी डब्याचं झाकण घट्ट लावलं, तो न्हाव्याच्या दुकानी पोचवायला सांगितला आणि एवढंच म्हणाली, “दादाला कळवू नका. त्याला वाटेल, त्याच्या हातचं आम्ही विष म्हणून टाकलं.” आता दारात तांब्या, साबण आणि टॉवेल असतो. पाहुणा आधी हात धुतो, मग आत येतो. न्हावी म्हणतो, हे घर आहे की दवाखाना? ती हसते, पण दादा, ओंजळीत काही ओतायला नसलं की तिचे हात उगाच ओढणीशी चाळा करतात. तिने सांगू नका म्हटलं आणि मी सांगतो आहे, कारण तुम्ही ईदला पुढचा डबा घेऊन दारात उभे राहिलात तर तिला तो घेताही येणार नाही आणि परतही करता येणार नाही.

एक मात्र चांगलं झालं. लग्नापासून जिने थंडी वाजते म्हणून गुहेत पाय ठेवला नाही, ती आता रोज दुपारी स्वतःहून सडकी लिंबं निवडायला जाते. एकटी! मी येऊ का म्हटलं तर नको म्हणते. येते ती चेहरा कसा उमललेला, आणि साबणाने हात धुऊनच उंबरा ओलांडते. कामाने माणूस फुलतं ते असं. सडकी मात्र फारशी काढत नाही. ती मीच नंतर काढतो, माझ्या नाकाला लाखात एक सडलेलं तोंडाशी उभं राहून कळतं.

तुमचा हात पुन्हा कपाळाला लावून,
तुमचा मेहुणा,
रिफात

ता. क. शेवटी सांगेन म्हटलं ती गोष्ट. ईदला या, नक्की या, पण आयुष्यात एकदा रिकाम्या हाताने या. आणि राग मानू नका, तुम्ही बाटली आणली नाहीत तरी तुमचा कोट दुकानचं कोलोन अंगावर घेऊन येतोच. उर्गुपला उतरलात की हमाममध्ये जाऊन या, पैसे मी देतो. कोट न्हाव्याकडे टांगू.

ता. क. २. त्या तुकड्याचा दुसरा अर्धा काल सापडला, चौथ्या रांगेत. “याचं उत्तर अगदी सोपं आहे, आणि ते म्हणजे” यापुढे होतं, “आपल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.” पेपर वाचून शिकलेल्या माणसाची अशी थट्टा.

ता. क. ३. पाकीट नेबाहत चिकटवून टाकेल, मला गुहेत ट्रक उतरवून घ्यायचा आहे. काळजी नसावी, तिचा चष्मा माझ्या खिशात आहे.

दादा, मी नेबाहत. माझे चष्मे दोन आहेत. सगळं वाचलं. ते म्हणतात ते खरं आहे, दुमान माझीही आहे, घरात कोलोन नको. पण डबा न्हाव्याकडे पाठवण्याआधी मी एक लहान बाटली भरून घेतली होती. ती गुहेत आहे, उजव्या भिंतीच्या खोक्यांमागे. दुपारी एक थेंब तळव्यावर घेते आणि डोळे मिटून बसते. दुकान दिसतं, समुद्र दिसतो, बाबा गिऱ्हाइकाला बाटली बांधून देताना दिसतात. मग दोनदा साबण लावते आणि घरी येते. लाख लिंबांत माझा एक थेंब, त्यांच्या त्या नाकाला अजून पत्ता नाही. बाटली तळाला आली आहे. हमाममध्ये जाऊन या, कोट न्हाव्याकडे टांगा, त्यांचं सगळं ऐका. फक्त रिकाम्या हाताने येऊ नका.