‘मूळ’ आणि ‘तयार’

७ नोव्हेंबर, गुरुवार

दादा आणि धाकट्या,

दादाला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. अक्षर वाकडंतिकडं आलंय, तेवढं चालवून घ्या. मुलांचा खोकला थांबला का? आईचे गुडघे कसे आहेत?

आपण तिघं एकाच वाक्यावर वाढलो: तुमची आई धांदरट आहे. दाराला धडकते, जिन्यावरून पडते, कपाटाचा कोपरा लागतो. बाबा हसून सांगायचे, पाहुणे हसायचे, मग आपणही हसायचो. आपल्या तिघांना फसवलं गेलं आहे. पण आधी तुम्ही दिलेल्या कामाचं सांगते.

दादा, तू फोनवर म्हणाला होतास, माझ्यासारख्या तोफेने भाषण न ठोकता कॉम्प्युटरमधून नुसते गिऱ्हाइकांचे फोटो काढून आणावेत. तसंच ठरवून गेले. आई घर सोडून धाकट्याकडे गेली त्याच दिवशी बाबांच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर बंद पडला. बाबा म्हणाले, आपोआप. डब्याच्या बाजूचा पत्रा आत गेला होता आणि त्यावर ट्रायपॉडच्या पायाचा गोल ठसा होता.

बटण दाबलं की काळा पडदा आणि एक पांढरी ओळ, की सुरू करण्यासारखं काही सापडत नाही. पण डिस्कची घरघर ऐकू येत होती. म्हणजे डोकं बधिर झालं होतं, पोट शाबूत होतं. मी घरूनच एका पेनड्राइव्हवर फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम भरून नेली होती. सुरू होतानाच एफ-ट्वेल्व्ह दाबलं, यादीतून पेनड्राइव्ह निवडला. मग प्रश्न येतो: नुसतं वापरून बघायचंय की इन्स्टॉल करायचंय? तिथे चुकलं की डिस्क कोरी. मी वापरून बघायचं निवडलं. कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून उठला आणि आतली डिस्क कपाटासारखी उघडली. बाबांचा पासवर्डही कुणी विचारला नाही.

लग्नांचे फोटो मी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवले. मागे खुर्चीत बसलेले बाबा खूश झाले. पोरीला नुसतं बोलताच येतं असं वाटायचं, म्हणाले. मग म्हणाले, बाकीचं राहू दे.

बाकीच्यात ‘घर’ नावाचा फोल्डर होता. त्याच्या पोटात दोन: ‘मूळ’ आणि ‘तयार’.

त्यांची शिस्त आठवते ना? गिऱ्हाइकाचे मुरूम, व्रण पुसताना आपल्याला शेजारी बसवून सांगायचे, मूळ फोटोला हात लावायचा नाही, प्रत काढायची आणि पुसायचं ते प्रतीवर. आयुष्यभरात हा एक नियम त्यांनी मोडला नाही.

दादा, तुझ्या लग्नातला आईचा फोटो तुझ्या दिवाणखान्यात आहे. तो ‘तयार’मधला. ‘मूळ’मध्ये तिचा डावा डोळा सुजून मिटला आहे, काळानिळा. तुझ्या भिंतीवरचा डोळा दुसऱ्या फोटोतून आणून बसवला आहे. धाकट्या, तुझ्या पहिल्या वाढदिवसाची निगेटिव्हसुद्धा त्यांनी स्कॅन करून ठेवली आहे. तू आईच्या कडेवर आहेस. तिच्या गळ्यावर चार बोटं उमटली आहेत आणि ती तुझी नाहीत.

आधी मारायचं, मग ‘हस’ म्हणून फोटो काढायचा, मग गुणगुणत पुसायचं. जुलमांवर जाडजूड पुस्तकं वाचून मी भर चौकात बोलले आहे. जुलमी माणूस पुरावा जाळतो असं समजत होते. इथे तो नीट लावून ठेवला होता, कारण आपल्यापैकी कुणी उघडणार नाही याची त्यांना खात्री होती.

मी तो फोल्डर उतरवायला घेतला. मागे खुर्ची सरकली.

“ते घरचं आहे,” बाबा म्हणाले.

“घरचंच घेऊन चाललेय.”

आता अक्षराचं सांगते. फोल्डर उतरून होताच मी पेनड्राइव्ह उपसून मुठीत धरला. ट्रायपॉड आधी टेबलावर आदळला, मग माझ्या मुठीवर, मग पुन्हा मुठीवर. मनगटात वाळकी काटकी मोडावी तसं वाजलं. ते ओरडत नव्हते. भिंतीत खिळा ठोकावा तसे शांतपणे मारत होते. लग्नाचे फोटो न्यायला आलेलं जोडपं दारात दिसलं तेव्हा थांबले, ट्रायपॉड उभा केला आणि त्यांना म्हणाले, “या, बसा.”

मूठ मी उघडली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी एकेक बोट सोडवलं. प्लास्टर कोपरापर्यंत आहे. नर्सने विचारलं, पडलात का? म्हटलं, मी धांदरट नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे.

आईला फोन केला. फोटो सापडल्याचं सांगितलं, हाताचं नाही. ती म्हणाली, “फोटो चांगले काढतात गं ते.” आणि म्हणाली, रविवारी दादा न्यायला येतोय, जाते मी परत, तुमची ओढाताण नको.

दादा, तू म्हणतोस, भांड्याला भांडं लागायचंच. लागलं तर पोचे दोन्ही भांड्यांना पडतात रे. इथे ते एकाच भांड्याला आहेत, आणि दुसरं भांडं त्यावरून हात फिरवून चकाकी आणत बसलं आहे.

दोन्ही फोल्डर तुम्हाला पाठवले आहेत. बघवले तर बघा. पण नाही बघवले तरी एवढं कर, दादा: रविवारी आईला न्यायला गाडी काढू नकोस.

तुमची तोफ,
डाव्या हाताने