युस्तिनाची फळी

सुराबाया, गुरुवार

प्रिय बापा,

खोकला कसा आहे? मी मजेत आहे. जेवणही वेळेवर होतं, बहुतेकदा. नाताळला फ्लोरेसला येणं जमेलसं वाटतं. आईला अजून सांगू नका.

गेल्या महिन्यात आमच्या पुस्तकांच्या दुकानात एक निवृत्त बसचालक आजोबा आले. म्हणाले, "बायको गेली, आता घर खायला उठतं. काहीतरी वाचायला द्या." मालक जागेवर नव्हते, म्हणून झाडू ठेवून मीच निवडून दिलं: एक खुनाची कादंबरी, एक खाष्ट सासूची आणि ऑक्टोपसच्या अकलेवरचं एक पुस्तक. मालक चिडले, "तुला झाडायला ठेवलंय!"

काल आजोबा तीन मित्रांना घेऊन आले. "ती पोरगी कुठाय? आम्हाला तिनंच निवडलेली हवीत!"

आज मालकांनी एका फळीवर पाटी लावली: 'युस्तिनाची निवड'.

बापा, माझी शाळा सहावीत सुटली म्हणून तुम्ही स्वतःला दोष देता ना? आता पुरे.

तुमचीच,
युस्तिना