चुकीचं पान आधी

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. येत्या एप्रिलअखेर कंपनीला पन्नास वर्षं पूर्ण होत आहेत. लोकांचे पैसे सांभाळून गुंतवण्याचं जे काम एका खोलीत सुरू झालं, ते आज एकतीस देशांत चालतं. त्या निमित्ताने कंपनीचा इतिहास पुस्तकरूपाने काढत आहोत. नाव 'आभाळाएवढी छत्री'. लेखनासाठी एक अनुभवी बाई नेमल्या असून याआधी त्यांनी एका सिमेंट कारखान्याचा आणि दोन बँकांचा इतिहास लिहिला आहे. पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवली आहेत.

पहिली कर्मचारी म्हणून 'हा मजकूर माझ्या आठवणीशी जुळतो' या कागदावर आपली सही हवी. तसंच माझ्या हस्ताक्षरातलं एखादं जुनं पत्र असल्यास जपून ठेवावं, ते जसंच्या तसं पुस्तकात छापायचं आहे. लेखिकाबाई ते न्यायला येतील. यंदा ग्राहकांना नेहमीचं वार्षिक पत्र जाणार नाही, त्याऐवजी हे पुस्तकच जाईल.

कळावे. लोभ वाढता राहावा, ही विनंती.

आपला नम्र,
अध्यक्ष व संस्थापक


दि. १५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. टाइप केलेलं, आणि खाली 'अध्यक्ष व संस्थापक'. मला वाटलं, वीज कंपनीची नोटीस आली. अरे, तुझं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलेलं आहे. एका जागी बसायचा नाहीस म्हणून भिंगरी हे नावही मीच ठेवलं. माझ्यापुरता तू तोच.

तुझी तीन प्रकरणं चष्मा पुसून पुसून वाचली. कंपनीचं छत्रीचं चिन्ह म्हणे 'संरक्षणाचं प्रतीक' म्हणून तुला सुचलं. आपल्या खोलीखाली छत्र्या दुरुस्त करणारा होता, त्याच्या बिलांवरचा छाप आपण फुकट वापरला, कारण नवा करवून घ्यायला पैसे नव्हते. बिचाऱ्याने तो कधी परत मागितला नाही. आता तीच छत्री एकतीस देशांत डोक्यावर धरून बसला आहात आणि त्या माणसाचं नाव कुठे शोधून सापडत नाही. समुद्रापलीकडची पहिली शाखा तू 'दूरदृष्टीने' उघडलीस, हेही वाचलं. दूरदृष्टी कसली! तुझा मेहुणा इथे सगळ्यांशी भांडायचा, त्याला जितक्या लांब पाठवता येईल तितक्या लांब पाठवला. तिथे तो टेबलावर झोपला आणि भांडायला ओळखीचं कुणी नव्हतं म्हणून नाइलाजाने काम करायला लागला. शाखा फोफावली. हे छाप की, लोकांना आवडेल.

पण तिसऱ्या प्रकरणाला मात्र मी हात जोडले. आपलं वार्षिक पत्र नेहमी वर्षातल्या चुकीपासून सुरू होतं, नफा नंतर येतो, आणि याच एका गोष्टीवर लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलं. त्याबद्दल बाई लिहितात की संस्थापकांनी तीन दिवस चिंतन करून हे तत्त्व स्वीकारलं. चिंतन? तीन दिवस तू तोंड फुगवून बसला होतास! पहिल्याच वर्षी शिवणयंत्रांच्या कारखान्यात लोकांचे पैसे घातलेस, तो कारखाना बसला, आणि ते तू चार पानी पत्रात शेवटच्या पानावर, अगदी खाली, लपवून ठेवलंस. चोवीस प्रती मी टाइप केल्या. जमिनीवर बसून पानं एकावर एक सुलटी रचत गेले, टाचण्या मारल्या आणि पाकिटात घातल्या. चौथं पान वर आलं हे पोस्टात टाकून झाल्यावर कळलं. तू मला काय काय बोललास ते मी इथे लिहीत नाही, आईला वर ऐकू जाईल. चौथ्या दिवशी त्या चोविसांतले दातांचे डॉक्टर धापा टाकत जिना चढून आले आणि म्हणाले की आजवर त्यांना वाईट बातमी आधी कुणी सांगितलीच नव्हती. पैसे काढायला आलेत असं समजून तू पाणी आणायला पळालास. ते दोन साडूंचे पैसे घेऊन आले होते.

यात मी कुठे आहे हे शोधलं. पान एकोणीस, तळटीप: 'टंकलेखनाची सोय घरातच झाली होती.' मी सोय! सही काही मी करणार नाही, बाबा. पत्राचं म्हणशील तर तुझं एकही नाही माझ्याकडे. एका घरात राहत होतो, तेव्हा तू मला पत्र कशाला लिहिशील? आणि पुढे तर तुझी सेक्रेटरीच लिहू लागली.

आता कामाचं. खालच्या मजल्यावर निवृत्त नर्सबाई राहतात, चौतीस वर्षं वॉर्डात उभ्या राहिलेल्या. निवृत्तीचे सगळे पैसे त्या तुझ्या नव्या 'सुवर्ण योजने'त घालणार आहेत, भरवसा काय तर मी तुझी बहीण. मी त्यांना महिनाभर थांबा म्हटलंय. योजना कशी आहे ते मला खरं सांग, आणि हाताने लिहून सांग. टाइप केलेलं पत्र यापुढे मी उघडणार नाही.

माया आहेच, ती मागून घ्यावी लागत नाही.

तुझी,
ताई


दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघ, हाताने लिहितोय. सही सोडून काही लिहिल्याला किती वर्षं झाली कोण जाणे, बोटं आखडली. सेक्रेटरी दोनदा डोकावून गेली, साहेबांना बरं आहे ना म्हणून. बाविसावा मजला आहे, खिडक्या उघडत नाहीत, आणि गालिचा इतका जाड की माणूस पाठीशी येऊन उभा राहिला तरी कळत नाही. आपल्या त्या खोलीत जिन्याची तिसरी पायरी करकरायची, आठवतं? कोण आलं ते आधीच कळायचं.

दातांच्या डॉक्टरांचं सगळं खरं आहे. मी पाणी आणायला नाही, मागच्या दाराने निघून जायला उठलो होतो. पण मागे दारच नव्हतं.

नर्सबाईंना सांग, पैसे घालू नका. कारण तुला म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. तीन वर्षांपूर्वी मी परदेशात ऑफिसांच्या सात मोठ्या इमारती घेतल्या. सगळे नको म्हणत होते, हट्ट माझा. आज तिथे कबुतरं सोडून भाडेकरू नाहीत. आमच्या कागदांवर मात्र किंमत अजून खरेदीचीच आहे. सुवर्ण योजनेत जे नवे पैसे येतील त्यांतून याच इमारती जुन्या किमतीला घ्यायच्या, असं संचालकांनी ठरवलंय. म्हणजे आमचा खड्डा बुजेल आणि नवे लोक त्यात पडतील. वकील म्हणाले, यात बेकायदेशीर काही नाही. हे ते दोनदा म्हणाले, तेव्हाच काय ते समजलो. वार्षिक पत्र यंदा का नाही, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र गेलं तर पहिल्या पानावर काय लिहायचं?

ताई, चूक माझी आहे. एवढं वाक्य लिहून बघितलं, बरं वाटलं. पण महोत्सवाचं वर्ष आहे, एकतीस देशांतून माणसं येणार आहेत, माझा अर्धपुतळा तयार झालाय. नाक जरा मोठं केलंय. वाचून झालं की हे फाडून टाक.

राग धरू नकोस, आणि लोभ तेवढा सोडू नकोस.

तुझा,
भिंगरी


दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अक्षर अजून तसंच आहे रे, कोंबडीचे पाय. बघून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग मजकूर वाचला आणि पाणी आटलं.

नर्सबाईंना मी जिन्यातच गाठून सांगितलं, कारण विचारू नका, पैसे घालू नका. त्यांनी कारण विचारलं नाही. पण कठड्याला धरून तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या शब्दावर वॉर्डातल्या आणखी चौघींनी फॉर्म भरलेत, त्यांना काय सांगायचं? भिंगऱ्या, माझ्या जिन्यात एक नर्सबाई राहते. बाकीच्या लाखभर लोकांच्या जिन्यात मी राहत नाही. त्यांना फक्त तुझं पत्र मिळतं. पन्नास वर्षं ते पत्र उघडून लोक पहिलं पान वाचतात आणि मग निवांत चहा पितात. यंदा त्यांना तू छत्रीची गोष्ट पाठवणार, आणि पाऊस मात्र तूच पाडणार.

पुतळ्याचं नाक मोठं केलंय म्हणतोस, बरं झालं. कापायला सोपं.

तुझ्या लेखिकाबाई परवा येऊन गेल्या. साधी, हुशार मुलगी आहे. पोटासाठी सिमेंटचे इतिहास लिहिते, तिचा काय दोष. संस्थापकांच्या हस्ताक्षरातलं पत्र मिळेल का म्हणून विचारत होती. माझ्याकडे असं पत्र जन्मात एकच आहे. ते फाडलेलं नाही. पाकिटात घालून ठेवलंय, तिला दिलेलं नाही. ती वीस तारखेला पुन्हा येणार आहे.

तुझ्या पाठीमागे काही करायचं माझ्या स्वभावात नाही. पहिल्या वेळी खरंच चुकले होते, या वेळी चुकायचं तर तुला विचारून चुकेन. तू नको म्हणालास तर तुझ्यादेखत ते पत्र फाडीन, तुझ्या कागदावर सहीही करीन, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. फक्त त्यानंतर मला पत्रं टाइप करूनच पाठवत जा. ती मी उघडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

उत्तर वीस तारखेच्या आत. आशीर्वाद आहेतच, तू काहीही ठरवलंस तरी.

तुझी,
ताई


दि. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

दे पत्र तिला. शेवटच्या पानावर नको, पहिल्याच पानावर घ्यायला सांग. मीही तिला फोन केलाय. ती म्हणाली की सिमेंटवाल्यांकडे असं कधी झालं नव्हतं.

एक मात्र मागतो. संचालकांना मी सांगणार आहे की ऐंशीला टेकलेल्या बहिणीने चुकून भलतंच पत्र दिलं आणि छापखान्यातून ते तसंच गेलं. त्यांच्यासमोर उभं राहून 'हो, मीच छापायला लावलं' म्हणायची छाती अजून होत नाही. पुस्तक निघेपर्यंत होईल की नाही, माहीत नाही. पन्नास वर्षांपूर्वी तुझ्या चुकीचं श्रेय मी घेतलं, आता माझ्या चुकीचं खापर तू घे. चालेल ना?

तुझा,
भिंगरी


दि. ९ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पुस्तक आलं. वजनाला दगड आहे, पण पहिल्या पानावर तुझे कोंबडीचे पाय बघून हलकं वाटलं. एकतीस देशांतल्या लोकांना ते वाचता यावं म्हणून खाली सोळा भाषांत भाषांतर दिलंय. कबुतरंसुद्धा भाषांतरित झाली.

बाकीचं पेपरात वाचलं. सुवर्ण योजना गुंडाळली, एक तृतीयांश लोकांनी पैसे काढून घेतले, आणि संचालकांनी तुला अध्यक्षपदावरून उतरवलं. म्हणजे आता नुसता संस्थापक. तेही त्यांनी काढून घेतलं असतं, पण पन्नास वर्षं मागे जाता येत नाही ना. पुतळा गोदामात ठेवलाय असं कळलं. नाकासकट.

नर्सबाईंनी पुस्तकाचं पहिलं पान पायरीवर बसून दोनदा वाचलं. त्या चौघींचे पैसे परत मिळालेत. तरी तुझ्याकडे पै ठेवणार नाही म्हणाल्या. मग जाता जाता वळल्या आणि म्हणाल्या, भाऊ एकदा जेवायला आले तर भेटायला आवडेल.

आता पान एकोणीस. तळटीप तू लेखिकाबाईंकडून बदलून घेतलेली दिसली: 'वृद्ध टंकलेखिकेच्या हातून झालेल्या चुकीमुळे हे पत्र पहिल्या पानावर आले. कंपनी दिलगीर आहे.' सोय होते, चूक झाले. बढती आहे.

लेखिकाबाईंनी तो कागद माझ्याकडे पुन्हा पाठवला होता. या वेळी सही करून सोबत जोडलाय. हा मजकूर माझ्या आठवणीशी जुळतो.

बाविसाव्या मजल्यावरून उतरला आहेस तर सरळ इकडे ये. माझा टाइपरायटर अजून चालतो. ज्यांनी पैसे काढले नाहीत त्यांना एक पत्र तर जायला हवं ना, आणि ते आता कंपनीचं नसेल, तुझं असेल. टाइप तू कर. टाचण्या मी मारते.

वाट बघते.

तुझी,
ताई