टोपणनावातला तुझा वाटा

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? माझी मान आखडली आहे. दिवसभर ऑफिसात फायली, संध्याकाळी पुन्हा टेबल. आपल्या टोपणनावाची नववी कादंबरी संपवली एकदाची. संपवली कसली, ओढत नेली. प्रकाशक म्हणाले, "खुनी तिसऱ्या पानावरच कळतो हो."

पहिल्या चार पुस्तकांत असं कधी झालं नाही. तू औषधांच्या दुकानातून यायचीस आणि भाजी चिरता चिरता सांगायचीस, कोणत्या गोळीचा डॉक्टरलाही संशय येणार नाही ते. आई वैतागायची, "अरे, जेवायच्या वेळी तरी माणसं मारू नका!" खून तुझे, वाक्यं माझी. टोपणनाव पुरुषाचं ठेवू, हे तूच सुचवलंस. नाहीतर म्हणे गिऱ्हाइकं तुझ्या हातून खोकल्याचं औषधसुद्धा घेणार नाहीत. किती हसलो होतो आपण.

मग ते बक्षीस आलं. घ्यायला लेखकानं स्वतः यायचं होतं. तू म्हणालीस, "तू जा, मी समोर बसते." तिथे कुणीतरी विचारलं, एवढी गुंतागुंत सुचते कशी? मी म्हणालो, "एकटा फिरायला जातो, तेव्हा सुचते." ताई, हे मी घरून ठरवून नेलं नव्हतं. पण तोंडून गेल्यावर मागेही घेतलं नाही. तिसऱ्या रांगेत तू टाळ्या वाजवत होतीस. परतताना एवढंच म्हणालीस, "छान बोललास." त्यानंतर नव्या पुस्तकासाठी कधीही काही विचारलं, की तुझं उत्तर ठरलेलं: "आता काही सुचत नाही रे." मी ते खरं मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. याला अकरा वर्षं झाली. थकलो गं आता. लिहून नाही, तो एकटा लेखक होऊन.

त्या चार पुस्तकांची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांना मुखपृष्ठावर माझं खरं नाव हवं होतं. सोमवारी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला? लोक तुम्हाला खोटारडा म्हणतील." म्हटलं, म्हणू देत, खोटं नाही ते. सोबत संमतीचा कागद आहे. दोन्ही नावं आहेत, तुझं आधी. माफी पत्रातून मागणार नाही, त्यासाठी रविवारी तुझ्या दारात येईन. सही करायची नसेल, तर नको करूस. पण तुझ्या नावाशिवाय ही पुस्तकं निघणार नाहीत, तसं मी त्यांना लिहून दिलं आहे.

तुझाच,
धाकटा