मढच्या बंगल्यातला पाचवा दिवा

बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मढच्या त्या बंगल्याबद्दल मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही.

इंटीरियरचं ते माझं स्वतःचं पहिलं काम. शूटिंगला भाड्याने द्यायचा बंगला, हॉलचं छत बावीस फूट उंच, कमानीसारखं वळलेलं, आणि त्यातून काचेचे पाच दिवे लांब तारांवर खाली सोडायचे होते. गिरणी बंद पडल्यापासून तुम्ही वायरिंगची कामं घेत होतात, एवढ्या उंचीवरचं काम मी दुसऱ्या कोणाला देणार? पण पहिल्याच दिवशी मालकांनी विचारलं, हे कोण, तेव्हा मी म्हणाले, "आमचे इलेक्ट्रिशियन." तुम्ही शेजारीच पिशवीतून ड्रिल काढत होतात. तुमचा शर्ट खांद्यावर विरला होता, एवढंच कारण. त्यानंतर तिथे तुम्ही मला मॅडम म्हणायला लागलात. संध्याकाळी दिंडोशीच्या घरी जेवताना मी विषय काढू पाहिला, तर बांगड्याचा काटा बाजूला ठेवत तुम्ही म्हणालात, "कामार नातां कित्याक व्हया?" कामावर कसलं नातं, म्हणून आईने वर बघितलं, पण तुम्ही तिला काही सांगितलं नाहीत.

तुम्ही बांबूची परांची बांधून घेतलीत. प्रत्येक हुकाला आधी वाळूची गोणी टांगून अर्धा दिवस तशीच ठेवायची, मगच दिवा चढवायचा. मालक कंटाळायचे. पाचही दिवे लागले त्या दुपारी सोफे यायचे होते, म्हणून मी परांची सोडवून घेतली. तुम्ही तेव्हा बाहेर चहा पीत होतात. हॉल मोकळा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, भिंतीकडचा पाचवा दिवा बाकीच्यांपेक्षा चार बोटं खाली आहे. मालकांच्याही लक्षात आलं.

मी अजून तिथेच उभी आहे. तुम्ही वर बघताय. हळू आवाजात म्हणताय, "तार वर हुकापाशीच आखडावी लागेल, परांची परत बांधूया. भिंत वर आत वळते, तिथे शिडी टेकणार नाही, सरकेल." मालक घड्याळ बघतात. आणि मी, त्यांच्याकडे बघत, तुम्हाला म्हणते, "मिस्त्री, दोन मिनिटांचं तर काम आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. "बरं, मॅडम," म्हणालात आणि शिडी लावलीत.

शिडी वरूनच सरकली. खाली नुकताच पॉलिश केलेला संगमरवर होता. तुम्ही दोन दिवस हॉस्पिटलात होतात, डोळे उघडले नाहीत. तिथेच पोलिसाने जबाब घेताना विचारलं, परांची कोणी काढायला लावली? मालक माझ्या बाजूला उभे होते. मी म्हणाले, "त्यांनीच. त्यांना काम उरकायची घाई होती." तसंच लिहिलं गेलं. खाली मी सही केली, आणि नात्याच्या जागी मुलगी असं लिहिलं. मालकांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

आईने तेवढंच ऐकलं, आणि ती तेच सांगत आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हट्टी माणूस, कोणाचं ऐकायचा नाही, घाई केली आणि मला उघड्यावर टाकून गेला. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसावर ती रागावून राहिली आहे. तुमच्या वर्षश्राद्धाला पान वाढतानाही तिने हेच म्हटलं होतं, आणि मी शेजारी उभी राहून वरण वाढत होते. मला कामं मिळत गेली. उंच छतांची कामं मी घेत नाही, कोणी कारण विचारलं तर परवडत नाही म्हणते.

गेल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब गेला. मी स्टुलावर चढले, तशी आई धावत आली आणि तिने आधी मेन बंद केला. मग स्टूल धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तुझे बाबा साधा बल्ब बदलायचा तरी मेन बंद करायचे गं. त्यांना कधीच घाई नसायची. त्या दिवशीच कशी झाली?"

मी म्हणाले, "काय माहीत."

ती अजून उत्तराची वाट बघतेय असं मला वाटतं. आता दुपार आहे, ती आत तांदूळ निवडत बसली आहे, मधे फक्त एक पडदा. खरं म्हणजे हा कागद मी तिच्यासाठी घेतला होता. वर "आई" लिहिलं आणि पुढे हात चालेना, म्हणून ते खोडून तुमचं नाव घातलं. तुम्ही काही विचारणार नाही, बाबा, म्हणून.