टाकी आधी, गाडी मग

मी, हेस्टर ग्रँथम, कै. ऑब्री ग्रँथम यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार वीडन, नॉर्थहॅम्प्टनशर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना सांगून लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही असं समजलं. माझा जन्म कालव्यावरच्या मालवाहू होडीत झाला. होडी एका गावी टिकत नसे, त्यामुळे शाळाही टिकली नाही. म्हणून मी बोलते आणि वकिलांच्या कचेरीतल्या मिस ओडेल लिहितात. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते नेव्हिलच्या घाईने झालं होतं.

१. राहतं घर व पोस्टातली बचत माझा मुलगा नेव्हिल याला द्यावी. मात्र गॅरेजमध्ये गाडी उभी आहे तोवर त्याने तिथे काही हलवू नये. बापाच्या अंत्यविधीनंतर हातातलं सँडविच संपायच्या आत तो म्हणाला होता, "आई, ती गाडी काढून टाकू या. जशी आहे तशी घेणारा एक जण आहे. जागा मोकळी होईल."

"मोकळ्या जागेत काय ठेवणार?"

"फ्रीजर."

"बाबांच्या जागी फ्रीजर? बरोबर आहे, दोघंही रात्रंदिवस घुमत राहणारे."

तो हसला नाही. नेव्हिलला हसायला वेळ लागतो, हे वाचताना हसेल.

२. फुलं रंगवलेला माझा होडीवरचा पाण्याचा डबा शेजारीण बेरिल टॉसलंड हिला द्यावा. "दोन दिवसांसाठी" म्हणून नेलेला तो डबा तिच्याच दारात आहे, तेव्हा कोणी उचलून आणण्याचे कष्ट घेऊ नयेत.

३. ऑब्रीने स्वतःच्या हातांनी बांधलेली दोन जणांची उघडी स्पोर्ट्स कार, तिची सर्व हत्यारं आणि वेल्डिंगचा मुखवटा नेव्हिलची मुलगी टॅम्सिन हिला द्यावा. अट एकच. टाकीचं काम पुरं झाल्याशिवाय तिने गाडी रस्त्यावर काढू नये.

ही अट का, ते लिहा, मिस ओडेल. हो, कायद्यात बसत नसलं तरी लिहा.

ऑब्री बुटांच्या कारखान्यातून आला की चहा घेऊन थेट गॅरेजमध्ये. नळ्या जोडून सांगाडा केला, मोडक्या गाडीचं इंजिन बसवलं. वजन वाढेल म्हणून माझ्या सीटला गादीसुद्धा पातळ दिली. पेट्रोलची टाकी त्याने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची केली, रुंद आणि बसकी, आरशासारखी चकचकीत. पेट्रोल ओढणारी नळी उजव्या कोपऱ्यात, कारण तिकडून इंजिन जवळ. मागच्या कुरणात तो गाडी फिरवून बघायचा. फाटकातून आत गेलं की डावीकडेच वळावं लागे. गाडी छान पळायची.

मग आम्ही समुद्र बघायला निघालो, क्रोमरला. कालव्याचं पाणी आयुष्यभर जागच्या जागी पाहिलेलं, मला येणारं-जाणारं पाणी बघायचं होतं. गावाबाहेरच्या गोल चौकात शिरलो आणि गाडीने उचकी दिली, दुसरी दिली, बंद. मागे भला मोठा ट्रक. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काका, इथेच संसार मांडताय का?"

ऑब्री म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. चौक गोल आहे, परत भेटूच."

मी हसले, पण ट्रकचा बंपर माझ्या टोपीला लागायचा राहिला होता.

त्यानंतर दर उन्हाळ्यात निघायचो आणि दर वेळी तो चौक. त्याने प्लग बदलले, पंप बदलला, कार्ब्युरेटर विकणाऱ्या माणसाशी कायमचं बोलणं सोडलं. टाकीकडे बघितलंच नाही. इतक्या देखण्या वस्तूवर कोण संशय घेणार!

शेवटी एका रविवारी भाजलेल्या मांसाचा ट्रे घेऊन तो ओव्हनपासून टेबलाकडे वळला. सगळा रस एका कडेला गेला आणि दुसरा कोपरा कोरडा पडला. ऑब्री तसाच उभा.

"अगं हेस्टर," तो म्हणाला, "चौकात उजवीकडे वळलं की पेट्रोल डावीकडे पळतं. नळी नुसती हवा पिते."

"ट्रे खाली ठेव, भाजेल."

ठेवला नाही. हात भाजून घेतला आणि हसत राहिला. त्याचं ते तोंड मला रोज आठवतं.

पेट्रोल एकदम एका कडेला पळू नये म्हणून टाकीच्या आत उभे करायचे पत्रे त्याने कापले, पेट्रोल झिरपायला तळाशी भोकं पाडली. नळीभोवती ठेवायची डबीही केली. तिची झडप पेट्रोल आत घेते, बाहेर जाऊ देत नाही. टाकी उघडायच्या आधी त्याचं हृदय थांबलं. ते सगळं वरच्या फळीवर, माझ्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं आहे.

४. टॅम्सिन, तू म्हणालीस, "आजी, टाकी काठोकाठ भरून नेते ना, मग काही होत नाही." भरलेली टाकी रिकामी होत जाते, बाई, पेट्रोलपंप त्यावरच चालतात. तू दंतवैद्याकडे काम करतेस, माणसाच्या दाताला जेवढं जपतेस तेवढं स्वतःला जप. टाकी पूर्ण रिकामी कर, साबणाच्या गरम पाण्याने धू, वास आला तर पुन्हा धू. वेल्डिंग जाणत्या माणसाकडून करून घे. पेट्रोलची वाफ भडकताना कोणाची आजी ओळखत नाही. मग त्या गोल चौकात पहाटे जा आणि मन भरेपर्यंत उजवीकडे फिर.

५. माझी राख, माझा फोटो, माझी टोपी, काहीही शेजारच्या सीटवर ठेवू नये. मला त्या गाडीतून जायचं नव्हतं गं, मला त्याच्याबरोबर जायचं होतं, आणि ते आता कोणाच्या हातात नाही. तिथे जिवंत माणूस बसव. ज्याच्या बडबडीचा तुला कंटाळा येत नाही, असा. वाऱ्यात काही ऐकू येणार नाही. तरी बोलत राहा, ओरडून बोला.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी मी मध्येच थांबवलं, ते बदल करायला नव्हे. सगळं मी सांगितलं तसंच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सहीच्या जागी फुली करते.

✕ हेस्टर ग्रँथम यांची निशाणी

आम्हा दोघांच्या उपस्थितीत निशाणी केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. विनिफ्रेड ओडेल, वकिलांच्या कारकून
२. डग्लस फिर्थ, निवृत्त टपालवाला

स्थळ: वीडन
दिनांक: ११ एप्रिल २०१९